भाकरी किती खाल्ली

नांदेड,
सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय जयू,

हाताशी फोन असताना अक्का पत्र का लिहीत बसली, असं तुझ्या मनात येईल. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी सांगायचं ते असं की आपली अव्वा थकली आहे. गेल्या वर्षभरात फार थकली. तू दर रविवारी पुण्याहून तिला फोन करतोस, ती 'बरी हाय' म्हणते आणि तुझा आठवडा सुरळीत जातो. यात तुझी चूक नाही. आपल्या आईवर विश्वास ठेवला, एवढंच. पण ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली नाही यात माझी एक चूक आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही. याआधी दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी फारच चांगली दिसत होते, दुसऱ्यात फारच वाईट.

सुरुवात कॉलेजच्या कामापासून करावी लागेल. घरात एकट्या असणाऱ्या थकलेल्या माणसांसाठी आम्ही फोनवर चालणारं एक साधन तयार करतोय, हे तुला मी मागे ओझरतं सांगितलं होतं. माणूस पडण्याआधी, अंथरूण धरण्याआधी कुणाला तरी कळावं, एवढाच हेतू. अर्धापूरची चाळीस माणसं आणि आपल्या औशाची चाळीस. संगणकाचं काम समीक्षाकडे, ती इथलीच इंजिनिअर मुलगी आहे, हुशार आणि फटकळ. माणसांशी बोलायचं काम माझ्याकडे. साधन आपण बनवून त्यांच्या हातात ठेवायचं नाही, त्यांच्याबरोबर बसून बनवायचं, असं आमचं पहिल्यापासून ठरलं होतं. काय विचारायचं, किती वाजता, कुणाच्या आवाजात, आणि उत्तर कुणाला कळवायचं, हे सगळं त्यांनी ठरवायचं. आमच्या मुलांना मी फळ्यावर एक वाक्य लिहून दिलं होतं: फॉर्म भरताना आपलं डोकं चालवायचं नाही, समोरचा सांगेल तेच लिहायचं. हे वाक्य लक्षात ठेव, मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

अव्वाला यात घ्यावं की नाही, यावर माझ्या डायरीची चार पानं गेली आहेत. स्वतःच्या आईला अभ्यासात घेणं बरोबर नाही असं एकीकडे वाटत होतं. दुसरीकडे, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बैठकीला येणार आणि शिवकन्येची आई तेवढी घरी बसणार, हेही विचित्रच होतं. शेवटी अव्वानंच निकाल लावला. म्हणाली, "शरणम्मा जातीय तर मी बी जाणार. तू मास्तरीण असशील कॉलेजात." मी तिचा फॉर्म स्वतः भरला नाही, समीक्षाला भरायला लावला. तेवढ्यावर मी स्वतःला प्रामाणिक समजत होते.

आमची पहिली मांडणी साफ फसली. सकाळी सातला फोन वाजायचा आणि एक गोड आवाज म्हणायचा, "नमस्कार, आज आपली प्रकृती कशी आहे? उत्तम असल्यास एक दाबा." पहिल्याच आठवड्यात औशाच्या आपल्या गल्लीतली निम्मी नावं समीक्षाच्या संगणकावर लाल झाली. फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. तिथल्या आशा कार्यकर्त्या पंचशीलाताई, त्या बिचाऱ्या सात घरं धावत गेल्या. अव्वाच्या दारात पोचल्या तर ती ओल्या केसांनी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेली. पूजा होईपर्यंत ती बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. तिनं नुसत्या डोळ्यांनी पंचशीलाताईंना असं दटावलं की त्या चप्पल घालायची विसरून परत फिरल्या. नंतर अव्वानं मला फोनवर फैलावर घेतलं. "देव हातात असताना फोन कशानं उचलू? तुझ्या मशिनीला सांग, आधी देव, मग दवाखाना." जयू, मी त्या घरात बावीस वर्षं काढली. त्या वेळी आपण शाळेचा डबासुद्धा खुणेनं मागायचो. आणि सातची वेळ मीच ठरवली होती.

मग देवळाच्या सभामंडपात बैठक घेतली. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले माणिकप्पा तुला आठवत असतील, आता ब्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, "ही बाई कोण ओ? मला वाटलं बँकेतून बोलायलीय. ओटीपी मागंल म्हणून मी फोन उशीखाली दाबून ठेवला." शरणम्मा मावशी म्हणाल्या, "आन् ह्या वयात उत्तम कोण असतंय? एक उत्तमराव होता आमच्यात, तो बी गेला दोन वर्षाखाली." मंडप हसला. पण मला हसू आलं नाही, कारण तिकडे अर्धापुरात त्याच महिन्यात वेगळंच घडलं होतं. तिथले सगळे फोन उचलत होते आणि रोज एक दाबत होते. चाळीस माणसं, सगळी उत्तम. आम्ही खूश होतो. त्यातले शेषेराव, केळीवाले, ऐंशीला टेकलेले, नऊ दिवस अंथरुणातून उठले नव्हते, आणि नऊही दिवस त्यांनी पडल्या पडल्या एक दाबला होता. सून माहेरी आणि मुलगा बागेत केळीच्या कापणीला. मी भेटायला गेले तर म्हणाले, "बाई, कुणी रामराम घातला तर आपण रामरामच म्हणतो ना? का घरचं गाऱ्हाणं सुरू करतो? बरं हाय का विचारल्यावर बरं हाय म्हणावं लागतं. ती रीत हाय."

हे मी औशाच्या बैठकीत सांगितलं आणि विचारलं, मग आम्ही काय विचारावं? मागून अव्वा बोलली. कशी बसली होती सांगू, गुडघा पोटाशी धरून, पदर नीट ओढून, जणू माझी कुणीच लागत नाही. म्हणाली, "भाकरी किती खाल्ली इचारा. भाकरीचं खोटं बोलवत न्हाई."

तुला अप्पा आठवले का रे हे वाचून? अप्पांनी तिला 'कशी आहेस' असं विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही. जेवताना मात्र त्यांची नजर दुरडीकडे असायची. आपल्या सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची आणि ते उगाच तिथे सुपारी कातरत राहायचे. तिनं भाकरी अर्धी ठेवली तर काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना अंबाडीची भाजी, ताजी लसूण, नाहीतर तिला आवडतं ते ताक आणायचे. ती आजारी पडली की घरात सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं आणि दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा दाराशी उभी असायची. मी त्या वेळी त्यांना अबोल समजत होते. बी.ए.ला असताना डायरीत लिहिलंय, "अप्पांना भावना व्यक्त करता येत नाहीत." परवा ते पान वाचून लाज वाटली.

तर त्या दिवसापासून आमचं साधन बदललं. फोन साडेदहाला, म्हणजे पूजा आणि सकाळचं जेवण दोन्ही झाल्यावर. आवाज पंचशीलाताईंचा, त्यांच्याच बोलीत: "मावशे, पंचशीला बोलायलेय. भाकरी किती खाल्ली? अख्खी खाल्ली असंल तर एक दाबा, अर्धी तर दोन, गेलीच न्हाई तर तीन." साधे बटणाचे फोन, स्मार्टफोन नकोच म्हणाले सगळे. नाव त्यांनीच दिलं, विचारपूस. दोन दिवस सलग भाकरी कमी झाली की पंचशीलाताईंना कळतं. शिवाय रोजचं उत्तर एका माणसाला मेसेजनं जातं, आणि तो माणूस ज्याचा त्यानं निवडायचा. या निवडी वाचून मी थक्क झाले. माणिकप्पांनी मुलाचं नाव न देता पिठाच्या गिरणीवाल्याचं दिलं. शरणम्मा मावशी जिच्याशी रोज भांडतात, त्या सुनेचं नाव त्यांनी दिलं. "भांडती, पण धावती बी तीच," म्हणाल्या.

अव्वानं तुझं नाव दिलं.

समीक्षानं फॉर्मवर तुझा नंबर लिहिला. अव्वाला तो तोंडपाठ आहे. तो फॉर्म आत्ता माझ्यासमोर आहे, समीक्षाचं तिरकं अक्षर. जुलैची सव्वीस तारीख. संध्याकाळी मी नांदेडला परत येऊन सगळी माहिती संगणकात भरायला बसले. चाळीस फॉर्म होते. एकोणचाळीस जसेच्या तसे भरले. अव्वाच्या फॉर्मवर आले आणि तुझ्या नंबराच्या जागी मी माझा नंबर घातला.

का, याचं उत्तर मी गेले चार महिने शोधतेय. त्या वेळी स्वतःला जे सांगितलं ते फार शहाणपणाचं होतं. तू पुण्यात, सात तासांवर. तुला रोज 'अर्धी' असा मेसेज येऊन तू काय करणार, नुसता घोर. त्यापेक्षा मी जवळ, शनिवारची लातूरची गाडी पकडते, तिथून औसा अर्ध्या तासावर. हे सगळं खरंच आहे. पण डायरीत त्या तारखेखाली मी वेगळं लिहिलंय: "दर शनिवारी मी जाते. औषधं मी आणते. नखं मी कापते. आणि नाव त्याचं." एवढंच, पुढे काही नाही. फळ्यावरचं ते वाक्य मी मुलांना दिलं होतं, आणि माझ्या आईच्या बाबतीत मी माझं डोकं चालवलं. डोकंही नाही खरं तर.

ऑगस्ट-सप्टेंबर मला अव्वाच्या नावानं रोज मेसेज येत गेले. 'गुरम्मा: अख्खी.' 'गुरम्मा: अख्खी.' मग अर्धी, अख्खी, अर्धी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस 'नाही' आलं. मी निघेपर्यंत पंचशीलाताई तिथे पोचल्या होत्या. अव्वाला दिवस कोणता ते सांगता येत नव्हतं, मला ती "बाई, कोण तुम्ही" म्हणाली. लातूरला दवाखान्यात नेलं. रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. तीन दिवस सलाईन लागलं आणि ती परत आपली झाली. तुला मी 'थोडा अशक्तपणा होता, आता ठीक आहे' एवढंच कळवलं होतं. तेही माझंच डोकं.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिनं विचारलं, "जयूनं धाडलं का तुला?" मला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "तीन दाबलं होतं मी दोन रोज. त्याला कळलं असंल. त्यानं तुला फोन केला असंल, जा म्हणून." जयू, तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मी 'हो' म्हणाले. मला वाटतं माझ्या जागी कुणीही म्हणालं असतं, पण हे वाक्य लिहूनही मी दोनदा खोडलं. कारण ते खरं असलं तरी त्यानं माझी चूक हलकी होत नाही.

त्यानंतर ती बदलली. शेजाऱ्यांना सांगायला लागली, "पोरगा रोज बघतोय, भाकरी किती खाल्ली." तू रविवारी फोनवर 'बरी आहेस ना' विचारतोस, ती 'बरी हाय' म्हणते, आणि तुला सगळं ठाऊक आहे असं समजून म्हणते. तू भाकरीचा विषय काढत नाहीस याचं तिला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. पंचशीलाताईंनी एकदा तिला सहज म्हटलं, मुलगा मेसेज बघतो तर बोलत का नाही काही? तर ही म्हणाली, "बापावर गेलाय. बोलत न्हाई, पण बघतो." आणि आणखी एक गोष्ट म्हणाली, ती पंचशीलाताईंनी मला गाडीत बसवताना सांगितली. "मला तोंडानं सांगता येत न्हाई बाई त्याला. बटण दाबता येतंय."

तीन वर्षांपूर्वीचं मला उकरायचं नाही. तू तिला पुण्याला नेलंस, मनापासून नेलंस, तुझ्या शिल्पानं तिच्यासाठी पूजेचा कोपरा करून दिला, हे मी पाहिलंय. चार महिन्यांत ती परत आली. तिला तिथे दिवसभर दार बंद करून बसवत नव्हतं, बाकी काही नव्हतं. तू मला म्हणालास, तिला आमच्याकडे राहायचंच नव्हतं, आता येईन तर तिला न्यायलाच येईन, नाहीतर येणार नाही. मला वाटलं राग उतरेल. उतरलाही असेल, पण तू आला नाहीस, आणि ती बरी आहे म्हटल्यावर येण्याचं निमित्तही उरलं नाही.

परवा शनिवारी मी तिला सांगून टाकलं. दुपारचं जेवत होतो, दोघीच. नंबर मी बदलला, मेसेज त्याला जात नाहीत, त्याला काहीच माहीत नाही, दवाखान्याचंसुद्धा नीट माहीत नाही, हे सगळं एका दमात सांगितलं. ती चावत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागले तर हातानं थांबवलं. मग म्हणाली, "मग ती अंबाडीची भाजी कुणी पाठवलेली?" गेल्या महिन्यात 'अर्धी' आल्यावर मी पंचशीलाताईंच्या हाती भाजी धाडली होती, कुणी पाठवली ते सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी. तिनं आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. "तू बी बापावरच गेलीस," म्हणाली. "येडी." मला रडू येत होतं, पण तिनं लगेच पुढचं काम सांगितलं.

आज सकाळी कॉलेजात गेल्या गेल्या समीक्षाला सगळं सांगितलं. ती मला बोलली, आणि बोलायलाच हवं होतं. अव्वाच्या नोंदींचं काय करायचं ते आता ती आणि बाकीचे ठरवतील, मी त्यातून बाजूला झालेय. नंबर तिनं बदलला. पावणेअकराला तुझ्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला असेल, आणि हे पत्र पोचेपर्यंत तसे आणखी तीन-चार आले असतील. कुणीतरी फसवतंय असं समजून तू ते खोडले नसशील अशी आशा आहे. ती तुझी आई आहे. रविवारी फोन करशील तेव्हा बरी आहेस ना असं विचारू नकोस.

आणि हे पत्र लिहायचं कारण. ते काम अव्वानंच परवा दिलं. म्हणाली, "फोनवर मी बरी हाय असंच म्हणणार, मला ठाव हाय. तू चिठ्ठी लिही. लिहिलेलं तो दोनदा वाचतोय, ल्हानपणापासून." काय लिहू विचारलं तर आधी काही नाही म्हणाली. मी पिशवी घेऊन निघाले, गल्लीच्या तोंडापर्यंत आले, तर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हाक मारायचं तिला जमत नाही आता, म्हणून मी परत गेले. येत्या अमावास्येला येळवस आहे. शेतात कडब्याची कोप उभी करून तिच्या सावलीत आपण भज्जी आणि आंबील घेऊन बसायचो, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही बोलावून जेवायला घालायचे अप्पा, ओळख असो नसो. तो तुकडा आता माणिकप्पांचा पुतण्या कसतो, पण कोप घालायची त्याची तयारी आहे, मी विचारून ठेवलंय. अव्वाला तिथपर्यंत खुर्चीत बसवून न्यावं लागेल. तेव्हा दारात तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिते, माझं डोकं न चालवता: "येळवशीला ये म्हण. न्यायला येऊ नको म्हण. जेवायला ये."

तुझीच,
अक्का